उत्तराखालची दुसरी ओळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला आणि पहिल्यांदा आठवल्या त्या आमच्या जीवशास्त्राच्या बाई. त्यांच्या शिकवण्याविषयी इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या परीक्षा घेण्याविषयी. मी स्वतः आता माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो, चाचण्या काढतो, गठ्ठे तपासतो. प्रश्न काढायला बसलं की बाईंची पद्धत किती अवघड होती आणि त्यांनी ती किती निष्ठेने वर्षानुवर्षं चालवली, हे दर वेळी नव्याने जाणवतं.

जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती. व्याख्या पाठ, आकृत्या घोटलेल्या, ‘फरक स्पष्ट करा’चे तक्ते तोंडपाठ. वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांच्यातले फरक वर्गातलं कोणीही झोपेतून उठून सांगितलं असतं. बाईंच्या घटक चाचणीत अशा प्रश्नांनाही गुण असायचे. नावं आलीच पाहिजेत, त्याशिवाय पुढे बोलणार कशाच्या आधारावर, असं त्या म्हणत. पण उरलेल्या निम्म्या प्रश्नांखाली त्या दोन ओळी आखून देत. पहिल्या ओळीवर उत्तर लिहायचं आणि दुसरीवर ‘मला असं का वाटतं’. पहिली ओळ बरोबर आणि दुसरी कोरी, तर अर्धेच गुण. पहिली चुकली पण दुसरीत खरोखर विचार दिसला, तर त्या समासात आणखी एक प्रश्न लिहून वही परत करत, आणि त्याचं उत्तर आणून दाखवलं की गुण वाढवत.

त्यांचा एक प्रश्न मला अजून जसाच्या तसा आठवतो. रोप श्वसन कधी करतं : दिवसा, रात्री, चोवीस तास, की करतच नाही? पुस्तक वाचलेली मुलं बिनदिक्कत ‘चोवीस तास’ लिहून मोकळी झाली. दुसऱ्या ओळीवर मात्र काय काय आलं! ‘कारण पानांना पर्णरंध्रे असतात.’ ‘कारण झाड दिवसा कार्बन डायऑक्साइडने आणि रात्री ऑक्सिजनने श्वास घेते.’ ‘कारण झाडाला झोप नसते.’ उत्तर बरोबर, आणि आत सगळा गोंधळ. बाईंनी नावं न घेता ही सगळी कारणं फळ्यावर लिहिली आणि तास त्यातच घालवला. प्रत्येक जिवंत पेशीला ऊर्जा सतत लागते, ती श्वसनातून मिळते, म्हणून मुळाच्या टोकापासून पानापर्यंत सगळीकडे श्वसन अखंड चालू असतं. उजेडात हिरव्या भागात प्रकाश-संश्लेषण त्याहून जोरात चालतं, म्हणून दिवसा पानातून ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. श्वसन थांबलेलं नसतं, झाकलं गेलेलं असतं. हे आमच्याच वाक्यांवरून उलगडत गेल्यामुळे पुन्हा सांगावं लागलं नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर कळलं की नेमक्या याच विषयावर, याच धर्तीची चाचणी संशोधकांनीही बांधली होती. हॅस्लम आणि ट्रेगस्ट यांनी १९८७ साली वनस्पतींचं प्रकाश-संश्लेषण आणि श्वसन यांविषयी माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी दोन टप्प्यांची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात उत्तर निवडायचं, दुसऱ्यात त्यामागचं कारण. कारणांचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या मनातल्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले असतात. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. चुकीचा पर्याय शिक्षकाने मनाने रचला की तो उघडउघड चुकीचा दिसतो आणि मुलं त्याला फसत नाहीत. तेव्हा पेपर सोपा ठरतो आणि समजलंय की नाही ते कळतच नाही. मुलाच्या डोक्यात आधीपासून बसलेली कल्पना पर्याय म्हणून समोर ठेवली, तर त्यावर केलेली खूण बरंच काही सांगते. बाईंची दुसरी ओळ हे काम कागदावरच्या दोन रेघांनी करत होती.

प्रात्यक्षिकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पानातल्या स्टार्चची परीक्षा सगळ्याच शाळांत होते. आमच्याकडे मात्र ती दाखवून संपत नसे. पान आधी उकळत्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये. स्पिरिटची परीक्षानळी थेट ज्योतीवर कधीच धरायची नाही, गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. हळूहळू स्पिरिट हिरवं होत जायचं आणि पान फिकट, जवळजवळ पांढरं. ते इतकं कडक होई की नीट न हाताळलं तर मोडे, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मऊ करून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पसरायचं आणि वर आयोडीनचे थेंब सोडायचे. काळ्या कागदाची पट्टी लावलेला भाग तपकिरी-पिवळसर राहायचा आणि उजेड मिळालेला भाग निळा-काळा व्हायचा. पट्टीची कड पानावर अगदी रेघ ओढल्यासारखी उमटे.

हे सगळं पाहून झालं की बाई चाचणीत विचारत : ‘पान निळं-काळं झालं म्हणजे आज प्रकाश-संश्लेषण झालं, हे म्हणणं केव्हा चुकीचं ठरेल?’ या एका प्रश्नात अख्खा प्रयोग येतो. रोप आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवून पानातला जुना स्टार्च संपवला नसेल, तर दिसणारा स्टार्च कालचा की आजचा हे सांगता येणार नाही. कृती पाठ केलेल्याला ‘रोप अंधारात ठेवावे’ हे वाक्य येतं. ते का ठेवायचं, हे त्याला या प्रश्नाशिवाय कोणी विचारतच नाही. कधी त्या चार पानांची चित्रं देत, आयोडीन टाकल्यानंतरची : एक पूर्ण काळं, एक पट्टीवालं, एक पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानाचं, आणि एक पोटॅशियम हायड्रॉक्साइड (हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन) ठेवलेल्या बंद बाटलीतलं. कोणत्या पानावर काय केलं असेल ते ओळखा, आणि कशावरून ते लिहा. निकालावरून मागे प्रयोगाकडे जायचं.

तोंडी परीक्षेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा असे. मुलं काचपट्टीवर नजर टाकत आणि वहीत पुस्तकातली आकृती काढत, हरितलवकांसकट. बाई शांतपणे विचारत, “कुठे दिसली तुला हरितलवकं? दाखव बरं मला.” मग मुलगा पुन्हा डोळा लावून बसे. दिसत नाहीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न, “झाडाची पेशी आहे ना ही? मग का नाहीत?” कांद्याचा तो भाग जमिनीखाली वाढतो, तिथे उजेड नाही, अन्न बनवायचं काम नाही, साठवायचं आहे. त्या दोन प्रश्नांनंतर कोणी ‘वनस्पतीपेशीत हरितलवके असतात’ असं सरसकट लिहायचं धाडस करत नसे.

मानवी शरीराच्या पाठांवरही त्यांची हीच पद्धत. हृदयाची आकृती काढून नावं द्या, हा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला. त्या विचारत : पायाच्या अंगठ्यातली एक तांबडी रक्तपेशी पुन्हा त्याच अंगठ्यात यायला निघाली आहे, तिचा सगळा रस्ता लिहा. पायातली शीर, अधोमहाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुफ्फुसधमनी, फुफ्फुसातल्या केशवाहिन्या, फुफ्फुसशिरा, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी आणि परत खाली. हृदयातून दोनदा जावं लागतं, हे ज्याला लिहिता लिहिता उमगलं त्याला दुहेरी अभिसरण समजलं. जो फुफ्फुसाकडे न जाता सरळ महाधमनीत पोचला, त्याची आकृती कितीही सुबक असली तरी अडचण लगेच उघडी पडे. आकृतीत निळ्या रंगाने दाखवलेलं रक्त खरंच निळं असतं, असं मानणारीही आमच्यात होती. ते गडद तांबडं असतं, हे त्यांना त्या चाचणीमुळेच कळलं.

रक्त शरीरात फिरतं हे मांडणाऱ्या विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याचा १६२८ सालचा युक्तिवाद तर बाईंनी आम्हाला गणित म्हणून सोडवायला दिला. एका ठोक्याला हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं आणि मिनिटाला साधारण ७२ ठोके पडतात, असं धरा. मिनिटाला ५ लिटर, तासाला ३०० लिटर, दिवसाला ७ हजार लिटरांहून जास्त. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे ५ लिटर. आता सांगा, एवढं रक्त रोज येतं कुठून आणि जातं कुठे? हार्वेच्या काळी रक्त यकृतात सतत नव्याने तयार होऊन शरीरात संपतं, असं मानत. त्याने घेतलेले आकडे आजच्यापेक्षा बरेच कमी होते, तरी त्याला तोच निष्कर्ष काढावा लागला : तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं. धमन्यांतून शिरांत ते कसं जातं हे मात्र त्याला दिसलं नाही. बेडकाच्या फुफ्फुसातल्या केशवाहिन्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या त्या १६६१ साली, हार्वेच्या मृत्यूनंतर. न दिसलेल्या गोष्टीविषयी हिशेबाच्या जोरावर खात्रीने बोलता येतं, हे त्या वयात अनुभवायला मिळणं ही फार मोठी गोष्ट होती.

झाडांच्या बाबतीत असाच हिशेब सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा. त्याने २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर भरलं आणि माती फक्त २ औंसांच्या आसपास कमी झाली. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापला गेला. बाई आकडे देत आणि विचारत, झाडाचं वजन कुठून आलं? ‘मातीतून’ हे उत्तर आकडेच खोडून टाकतात. मग पुढचा प्रश्न : हेल्मॉन्ट म्हणाला सगळं पाण्यातून आलं, त्याने काय लक्षात घेतलं नाही? हवा. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्के, आणि लाकडातला कार्बन तिथूनच आलेला. हे पटायला मोठ्या माणसांनाही जड जातं.

मी माझ्या चाचण्यांत या प्रश्नाला आता एक जोडीदार दिला आहे. माणूस बारीक होतो तेव्हा त्याच्या अंगातली चरबी जाते कुठे? मुलं लिहितात, घामातून जाते, जळून ऊर्जा होते, शौचावाटे जाते. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली हा हिशेब मांडला : १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर तिच्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून बाहेर पडतो आणि १.६ किलोचं पाणी होतं. झाड हवेतून वजन मिळवतं आणि माणूस हवेत वजन सोडतो. हे दोन प्रश्न एकाच पानावर, एकाखाली एक ठेवले की उत्तरं वाचताना कळतं, कोणाला वनस्पतीचा धडा आणि माणसाचा धडा एकाच शास्त्राचे वाटतात आणि कोणाला दोन वेगळे विषय. वेगवेगळ्या चाचण्यांत विचारले तर हे कधीच हाती लागत नाही. म्हणून अभ्यासक्रमात हे धडे कितीही लांब असले, तरी निदान एक चाचणी दोन्हींवर मिळून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

अशी चाचणी तपासायला वेळ फार लागतो, हे मी नाकारत नाही. मोठ्या वर्गाच्या दुसऱ्या ओळी वाचताना संध्याकाळ सरते. सगळा पेपर असा काढायची गरजही नाही. मी घटक चाचणीत तीन-चार प्रश्नच दोन ओळींचे ठेवतो, बाकी रिकाम्या जागा आणि जोड्या. त्या तीन-चारांची कारणं वाचली की पुढच्या आठवड्यात काय पुन्हा शिकवायचं ते ठरतं. गुणांच्या बेरजेवरून ते ठरवणं मला आजवर जमलेलं नाही.

बाईंचे जेवढे प्रश्न आठवले, तेवढे मी या महोत्सवाच्या निमित्ताने लिहून शाळेच्या विज्ञान विभागाकडे दिले आहेत. प्रत्येकाखाली आमच्या वर्गाने तेव्हा लिहिलेली, आठवणारी कारणंही आहेत, बरोबर आणि चुकीची दोन्ही. नव्या शिक्षकांनी ते प्रश्न जसेच्या तसे वापरले तरी चालतील, पण कारणांचे पर्याय मात्र आपापल्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांतून घ्यावेत.