तिघांची तीन मतं आणि रॅम्पवरची डिझेल

कारंजा लाडला मूर्तिजापूर रोडवर माझं गॅरेज आहे. दिवाळीच्या तोंडावर इथं दुरुस्तीपेक्षा सल्ल्याची गिऱ्हाइकं जास्त. २०२५ ला तर विचारूच नका. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि जुनीच गाडी रेटायची ठरवून बसलेली माणसंही शोरूमची रंगीत माहितीपत्रकं घेऊन यायला लागली. सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही, उलट चहा मलाच पाजावा लागतो.

त्या दिवशी आले ते एकाच घरचे तिघं. काका कास्तकार, जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "गाडी म्हंजे डिझेल. पेट्रोल मोटरसायकलीले." मुलाचं कृषी केंद्र आहे. त्याला सनरूफ पाहिजे, मोठी स्क्रीन पाहिजे आणि क्रॅश टेस्टचे पाच तारे पाहिजेत. सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. शाळा अकरा किलोमीटरवर, रोज गाडी चालवणार तीच, पण तिला कोणी काही विचारल्याचं दिसत नव्हतं. जुन्या गाडीचं सर्व्हिस बुक पर्समध्ये घेऊन ती बाजूच्या खुर्चीवर बसली होती.

रॅम्पवर तेव्हा नेमकी एक डिझेल होती. चार मीटरच्या आतली, बीएस सहा म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, दीड लिटरचं इंजिन. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. मालक आमच्या बाजार समितीतले अडते. घर ते समिती, समिती ते घर, संध्याकाळी गुरुमंदिर, एवढंच गाडीचं फिरणं. तक्रार अशी की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आहे आणि गाडी ओढतच नाही.

काकांना मी जवळ बोलावलं आणि डिपस्टिक ओढून हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. काकांनी बोट लावलं, अंगठ्यावर घासून पाहिलं, नाकाशी नेलं.

"याले तं डिझेलचा वास येऊन राह्यला."

"तेच म्हणतो मी. ऑइल घातलं कोणी नाही, आणि वाढलं कसं?"

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहा आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी बसली, डीपीएफ म्हणतात ती. चुलीच्या धुराड्यासारखी ती भरत जाते. मोकळी व्हायची तर आतली काजळी जळायला हवी, त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती यावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वीसेक मिनिटं पळत असेल तर सगळं जळून जातं आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण तीन किलोमीटरवर समितीचं गेट आलं, शेठनी किल्ली काढली, की जाळणं अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपत खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा, बिचारा त्याच ऑइलच्या जिवावर फिरत असतो.

"माह्या ट्रॅक्टरले तं असं कधी नाई झालं," काका म्हणाले.

"ट्रॅक्टरले जाळी कुठं हाय? आणि ट्रॅक्टर एकदा वावरात उतरला की दिवसभर तापलेला असतो."

काकांना ते पटलं, पण हार मानली नाही. डिझेल स्वस्त आहे आणि अ‍ॅव्हरेज जास्त देते, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो खराच आहे. मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि विचारलं, वर्षाला गाडी किती चालते? मुलगा म्हणाला, वीस हजार तरी. काका म्हणाले, पंधरा. सुनेनं पर्समधून सर्व्हिस बुक काढलं.

"मामाजी, सहा वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे वर्षाला आठ."

मग बेरीज-वजाबाकी सोपी झाली. पेट्रोल शंभराच्या पुढं, डिझेल नव्वदच्या वर. आमच्या रस्त्यांवर, एसी लावून, टर्बो पेट्रोल चौदा देईल आणि डिझेल अठरा. किलोमीटरमागं वाचले अडीच रुपयांच्या आत-बाहेर. एकाच मॉडेलची डिझेल पेट्रोलपेक्षा लाख-सव्वा लाखानं चढी असते. तो फरक भरून निघायला पन्नास हजार किलोमीटर लागतात, म्हणजे या घराला सहा वर्षं. तोवर जाळी किती वेळा तुंबेल ते वेगळंच. सीएनजीचंही मुलानं काढलं. पण जवळचा पंप, तिथली रांग आणि डिकीत खताच्या पोत्यांची जागा, हे तीन शब्द उच्चारताच त्यानंच विषय सोडला.

डिझेल वाईट असं माझं म्हणणं नाही, उलट मला डिझेलच आवडते. टाटाच्या नेक्सॉनचं डिझेल २६० न्यूटन मीटर ओढ देतं, महिंद्राच्या थ्री एक्स ओचं ३००, ह्युंदाईच्या व्हेन्यूचं आणि कियाच्या सोनेटचं २५०. अकोल्याहून वाशीमला येताना पातूरच्या घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन ही इंजिनं मागं वळूनही पाहत नाहीत. आठवड्यातून दोनदा नागपूर करणाऱ्याला मी दुसरं काही सांगणारच नाही. अकरा किलोमीटरवरच्या शाळेला मात्र ती देऊ नये.

मारुतीनं तर २०२० मध्ये डिझेल बनवणंच सोडलं. २०१६ ला ब्रेझा आली तेव्हा ती फक्त डिझेलमध्येच मिळायची, हे आज पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. आताची ब्रेझा १४६२ सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. इथं काकांनी विचारलेला प्रश्न मला शोरूममध्येही कधी ऐकू आला नव्हता. "लांबी तं साऱ्याईची सारखीच हाय. मंग कोनाचं इंजिन हजारचं, कोनाचं बाराशेचं, अन् याचंच दीड हजाराचं काहून?"

उत्तर इंजिनीअरिंगमध्ये नाही, करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. त्यात बसलं की कर कमी. म्हणून तर या सगळ्या गाड्यांच्या शेपट्या कापल्यासारख्या दिसतात. आणि म्हणूनच १२०० च्या आत राहून ताकद काढायची तर तीन सिलिंडरवर टर्बो चढवायचा, हा मार्ग बहुतेकांनी धरला. नव्या जीएसटीतही माप तेच. मापात बसणाऱ्या पेट्रोलला आधी २९ टक्के होते, डिझेलला ३१, आता दोघांना १८. ब्रेझाचं पेट्रोल मापाबाहेर, तिला ४५ चे ४० झाले. अर्थात शोरूमच्या किमतीत हे सगळं आधीच मिसळलेलं असतं, गिऱ्हाइकानं फक्त ऑन रोड आकडा पाहावा.

मुलाचा जीव तोवर ताऱ्यांत अडकला होता. तो उठून अंगणात उभ्या गाडीजवळ गेला आणि दाराला थाप मारली. पत्र्याचा आवाज ऐकून गाडीची मजबुती सांगणारे आमच्याकडे गावोगाव आहेत. काका तर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारतात.

ती गाडी रात्री रोह्याला, म्हणजे नीलगाईला, धडकून आली होती. आमच्या भागात हे नेहमीचं. सोहोळच्या अभयारण्याकडचा पट्टा असो की पोहऱ्याकडचा रस्ता, रोही आणि रानडुक्कर अंधारात कधी आडवं येईल सांगता येत नाही. पुढचा बंपर फुटलेला, बॉनेट दुमडलेलं, रेडिएटर मागं दाबलेला. मुलगा म्हणाला, "पाहा, पत्राच हलका."

मी बंपरचं प्लास्टिक बाजूला केलं. मागं आडवी लोखंडी पट्टी, आणि तिला चासीशी जोडणारे दोन चौकोनी डबे. ते डबे घडी पडल्यासारखे चेपले होते. त्यांचं काम चेपण्याचंच असतं. धक्का तिथं मेला पाहिजे. मग मी ड्रायव्हरचं दार एका बोटानं उघडलं, लोटलं. खट्. दाराभोवतीची फट वर-खाली सारखीच. मधला खांब, खालचा पायाचा पट्टा, फ्लोअरचा जोड, कुठं सुरकुती नाही. माणूस बसतो तो भाग जागचा हलला नव्हता. पुढचा भाग जसाच्या तसा आणि दार मात्र पहारीनं उचकटावं लागलं, अशीही गाडी मी पाहिली आहे. तिच्या पत्र्याचा आवाज फार छान येत होता.

ताऱ्यांबद्दल मी त्याला एवढंच सांगितलं की तारा कोणत्या सालचा ते आधी विचार. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे डिसेंबर २०१८ मध्ये मिळाले, भारतातली ती पहिली गाडी. त्याच वर्षी तेव्हाच्या ब्रेझाला चार मिळाले. पण तेव्हाची तारे देणारी मुख्य परीक्षा ताशी ६४ किलोमीटरला समोरून धडक एवढीच होती. २०२२ पासून नियम कडक झाले, बाजूची धडकही मोजायला लागले. नेक्सॉननं २०२४ मध्ये नव्या नियमांतही पाच आणले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं, त्यात थ्री एक्स ओ आणि स्कोडाच्या कायलॅकलाही पाच आहेत. जुन्या मॉडेलचे तारे नव्याला लावून सांगणारा सेल्समन भेटला तर हसून सोडून द्यायचं.

"आणि काका, पट्टा लावता का?"

काकांनी ऐकलंच नाही.

सनरूफवर मी बोलणार नव्हतो. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत छतातली काच तापते तेव्हा मागच्या सीटवर कोण बसणार, हे सुनेनंच विचारलं. मुलगा काकांकडं पाहायला लागला.

आता ती मोकळेपणानं बोलायला लागली. तिचे प्रश्न माहितीपत्रकात नव्हते. शाळेच्या वाटेवर शेवटचे दोन किलोमीटर पांदण. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या वर बसतो, तर तिथं अस्तर कोणत्या गाडीला आहे? खालून दगड लागला तर ऑइलचं चेंबर फुटेल का? बॉनेटचं टोक तिला बसल्या जागेवरून दिसेल का, कारण शाळेपुढं गाडी वळवताना पोरं मध्ये येतात?

हे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक रोज भेटलं तर मी गॅरेज सोडून शाळाच काढीन. मी तिला शेठच्या गाडीखाली नेलं. रॅम्पखाली उभं राहून तिनं मान वर केली. इंजिनखालचं झाकण प्लास्टिकचं आहे की लोखंडी, ते मी टिचकी मारून दाखवलं. मागच्या आर्चमध्ये वाळलेल्या मातीचा जाड थर होता. तो स्क्रू ड्रायव्हरनं उकरला तर खालून कोटिंग निघाल्याची जागा दिसली, गंज धरलेली. मापाच्या आकड्यात गाडीचा तळ जमिनीपासून नेक्सॉनचा दोनशेच्या वर, थ्री एक्स ओचा २०१, ब्रेझाचा १९८ मिलिमीटर उंच. या पाच-दहा मिलिमीटरनं काही होत नाही. फरक पडतो तो सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू कोणती आणि तिच्यापुढं आडोसा काय यानं. आणि सर्व्हिस सेंटर किती लांब यानं. कारंज्याहून अमरावती, अकोला, यवतमाळ, कुठंही जा, अख्खा दिवस मोडतो, आणि मॅडमची रजा जाते ती कोणी किमतीत धरत नाही.

शेवटी दोन नावं उरली. एक ब्रेझा, चार सिलिंडरची साधी पेट्रोल, टर्बो नाही, तापली तरी कुरकुर कमी. आणि दुसरी पेट्रोल नेक्सॉन, १.२ टर्बो, १७० न्यूटन मीटरची, जी ऑइल वेळेवर बदललं तरच गुण्यानं राहते आणि पाय जड असेल तर बाराचंही अ‍ॅव्हरेज दाखवते. मला विचारलं असतं तर मी रोजच्या शाळेसाठी पहिली सांगितली असती. मॅडमनी दोन्ही चालवून पाहायच्या ठरवल्या: घरचे पाच जण बसवून, एसी लावून, पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये. शोरूमवाले याला तयार होत नाहीत. झाले नाहीत तर तिथून घेऊच नका, म्हटलं.

तेवढ्यात अडते शेठ गाडी न्यायला आले. स्कॅनर लावून मी जाळी जबरदस्तीनं जाळायला ठेवली होती. गाडी उभ्या जागी गुरगुरत होती, सायलेन्सरखालचा कचरा पोऱ्यानं आधीच झाडला होता. शेठनी विचारलं, आता पुन्हा असं होणार नाही ना?

"होईल. आठवड्यातून एकदा समृद्धीवर चढा, पुढच्या इंटरचेंजपर्यंत ऐंशी-नव्वदनं जा आणि परत या."

"म्हंजे काजळी जाळाले मी टोल भरू?"

काका इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. पुढं झाले. "शेठ, इकाची असन तं सांगा. माहा भाचा रोज अकोल्याले जाते."

सुनेनं मुलाकडं पाहिलं, मुलानं माझ्याकडं. मी म्हटलं, पहिले मला ऑइल तर बदलू द्या.