तिसऱ्या गिअरात रेस चढते, गाडी ओढत नाही: जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडेपर्यंत आणि उघडल्यानंतर

गाडी २०१० ची. पेट्रोल हॅचबॅक, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी) जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक. वापर डिचोली, म्हापसा, पणजी आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरात जाताना इंजिनाची रेस एकदम वर चढायची, गाडीला ओढ नसायची आणि क्षणभराने गिअर पकडायचा. गाडी थंड असताना हे जेमतेम जाणवायचं, तापल्यावर स्पष्ट. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स मात्र अगदी स्वच्छ. पुढे घाटात चेक लाइट लागला आणि गाडी एकाच गिअरात अडकली.

गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात झालं: "गिअरबॉक्स गेलो, पात्रांव." ते खरंही होतं. पण गिअरबॉक्सातलं नेमकं काय गेलं आणि कशामुळे गेलं, हे कळल्याशिवाय तो उघडायला मी तयार नव्हतो. मूळ कारण तसंच राहिलं तर नवे क्लचही त्याच वाटेने जातात.

एका गिअरात अडकणं म्हणजे लिंप मोड. ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, कंप्युटरला गडबड दिसली की तो सोलेनॉइडचा (क्लचकडे जाणारं ऑइल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) वीजपुरवठा तोडतो. या रचनेत सगळे सोलेनॉइड बंद पडले की डी मध्ये तिसरा गिअर लागून राहतो आणि रिव्हर्स चालतो. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर घरी पोचता येतं. तिसऱ्याचाच क्लच घसरत असेल तर चढावर गाडी जागची हलत नाही आणि रेस देत राहिलं की उरलेला क्लचही जळतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि फ्लॅटबेड मागवायचा. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक दोर बांधून, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले गिअर आणि बुश कोरडे फिरतात. फ्लॅटबेड नसेल तर निदान पुढची चाकं उचलणारी क्रेन हवी.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. व्होल्टेज कमी असलं की ट्रान्समिशनचा कंप्युटर भलतेच कोड दाखवतो. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. गोव्यात याहून मोठा त्रास खाऱ्या हवेचा. गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी, बॅटरीखालचे कपलर, स्पीड सेन्सरचे पिन यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. आमच्या गाडीची अर्थिंग पट्टी एका टोकाला जवळजवळ खाऊन गेली होती. ती बदलली, कपलर काँटॅक्ट क्लीनरने धुतले, जुने कोड पुसले. घसरणं कमी झालं नाही, पण एक शंका मिटली. इंजिनाचं फाउंडेशनही (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंट) याच वेळी पाहून घ्यावं. त्याचं रबर फाटलं की डी किंवा आर टाकताना मोठा झटका बसतो आणि दोष उगाच गिअरबॉक्सवर जातो.

मग स्कॅनर. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा, नुसते इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्त डोंगल फक्त पी०७०० दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंप्युटरकडे काहीतरी नोंद आहे. खरी नोंद वाचायला त्या कंप्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. आमच्याकडे पी०७३३ आणि पी०७३४ निघाले, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी०७५० च्या पुढचे सोलेनॉइडचे किंवा पी०७१५, पी०७२० हे स्पीड सेन्सरचे कोड निघाले असते तर आधी वायरिंग, मग सेन्सर किंवा सोलेनॉइड असा स्वस्तातला रस्ता होता. गुणोत्तराचा कोड मात्र सहसा सांगतो की आदेश बरोबर गेला, वीज बरोबर गेली, पण क्लचने पकडलं नाही.

हे ताडून पाहायला लाइव्ह डेटा पुरतो. या गिअरबॉक्सात तिसरा गिअर थेट, १:१ असतो. म्हणून तिसऱ्यात इनपुट (गिअरबॉक्सात शिरणारा) आणि आउटपुट (बाहेर पडणारा) वेग जवळपास सारखा दिसायला हवा. इथे रेस दिली की इनपुट पुढे पळायचा, आउटपुट मागे राहायचा.

कुठला क्लच, हे गिअरबॉक्स न उघडताही कळतं. या चार गिअरच्या रचनेत पहिल्याला अंडरड्राइव्ह क्लच आणि लो-रिव्हर्स ब्रेक, दुसऱ्याला अंडरड्राइव्ह क्लच आणि सेकंड ब्रेक, तिसऱ्याला अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह, चौथ्याला ओव्हरड्राइव्ह आणि सेकंड ब्रेक, रिव्हर्सला रिव्हर्स क्लच आणि लो-रिव्हर्स ब्रेक लागतो. इथले ब्रेक चाकांचे नव्हेत, गिअरबॉक्सातला एखादा भाग जागीच रोखून धरणारे क्लच. तिसरा आणि चौथा घसरतात, पहिला-दुसरा नाही. म्हणजे अंडरड्राइव्ह आणि सेकंड ब्रेक ठीक, उरला ओव्हरड्राइव्ह. तुमच्या गिअरबॉक्सचा असा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो हातात असल्याशिवाय कुणाशी दराची बोलणी करू नका.

स्टॉल टेस्टही केली. गाडी तापवून, चारही चाकांना ओट लावून, हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये पूर्ण रेस द्यायची आणि जास्तीत जास्त ५ सेकंदांत सोडायची. समोर माणूस उभा ठेवायचा नाही. पुन्हा करण्याआधी एन मध्ये मिनिटभर तरी थंड होऊ द्यायची. डी आणि आर दोन्हींत आरपीएम मॅन्युअलपेक्षा जास्त गेला तर पंप किंवा लाइन प्रेशरचा (पंपाने दिलेल्या ऑइलच्या मूळ दाबाचा) संशय, फक्त डी मध्ये गेला तर पुढच्या क्लचचा, फक्त आर मध्ये तर रिव्हर्सच्या बाजूचा. दोन्हींत कमी राहिला तर इंजिन अशक्त किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा स्टेटर (आतलं ऑइल वळवणारं चाक) घसरतो. आमचे आकडे दोन्हींत बरोबर आले. त्यावर एकाने गिअरबॉक्स ठणठणीत असल्याचं सांगितलं, ते मला पटलं नाही. स्टॉल टेस्ट पहिल्या गिअरात होते, ओव्हरड्राइव्ह क्लच तिथे कामालाच नसतो. या टेस्टने पंप निर्दोष ठरला, एवढंच.

आता एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. पातळी कशी पाहायची ते गाडीप्रमाणे बदलतं. या गाडीत ऑइल ७०-८० अंशांपर्यंत तापवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहतात. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून, मिनिटभराने पाहायची असते. पद्धत चुकली की पातळीही चुकीची दिसते. रंगावरून बरंच कळतं. लाल किंवा फिकट तपकिरी ठीक. काळपट आणि करपट वासाचं असेल तर क्लच जळतोय. दुधाळ गुलाबी झालं असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलं किंवा तुंबलेल्या पाण्यातून जाताना ब्रीदरवाटे (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) पाणी शिरलं. जून-जुलैत गोव्यात ही दुसरी शक्यता खरीखुरी असते. पाणी शिरलेल्या गिअरबॉक्सात क्लच प्लेटवरचं कागदी अस्तर डिंकापासून सुटतं. म्हणून अशी गाडी स्टार्टही न करता आधी ऑइल काढायचं.

आमचं ऑइल काळपट आणि करपट होतं. चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तबक) उघडल्यावर आतल्या मॅग्नेटवर राखाडी मऊ मळी होती, ती एवढ्या वर्षांत सगळ्यांच्याच गाडीत असते. चिंतेची गोष्ट तळाशी होती: काळे पापुद्रे, म्हणजे क्लचचं अस्तर. इथे नुसतं ऑइल बदलून काही होत नाही. अस्तर शाबूत असतं तर हप्त्याहप्त्याने बदल हा उत्तम उपाय होता. ड्रेन केल्यावर एकूण ऑइलपैकी साधारण निम्मं बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकदा बदललं की ५० टक्के नवं, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा ८७ टक्क्यांच्या आसपास. दर वेळी मध्ये काही दिवस गाडी चालवायची. ग्रेड डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेला तोच, आमच्या गाडीत एसपी-३. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं एटीएफ कधीच घालू नये, आणि एएमटीचं (मॅन्युअल गिअरबॉक्स यंत्राने बदलणाऱ्या गाडीचं) दुखणं तर सगळंच वेगळं असतं.

शेवटची खातरजमा प्रेशर गेजने. केसिंगवर प्रत्येक क्लचसाठी स्क्रूने बंद केलेली जागा असते. अंडरड्राइव्हचं प्रेशर तक्त्याप्रमाणे, ओव्हरड्राइव्हचं कमी. सोलेनॉइडचा रोध २० अंशांना साधारण २.७ ते ३.४ ओहम हवा, तो बरोबर भरला. याचा अर्थ गळती त्या क्लचच्या पिस्टन सीलमध्ये किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल वेगवेगळ्या क्लचकडे वळवणाऱ्या ठोकळ्यात). रबरी सील उष्णतेने कडक होतं, प्रेशर गळतं, क्लच अर्धवट दाबला जातो, घसरतो, आणखी तापतो.

उष्णता कुठून आली, याचं उत्तर पुढे रेडिएटरपाशी मिळालं. एटीएफचा कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळीची पानं भुगा होऊन गळाली होती. कूलंटचा काटा मधोमध, पण घाटात पहिल्या-दुसऱ्यात रखडत चढताना ऑइल थंड होत नव्हतं. किनाऱ्याजवळ गाडी असेल तर दर पावसाळ्यानंतर टॉर्च मारून जाळी बघा. बोट लावल्यावर पानं तुटत असतील तर रेडिएटर बदला, काटा वर जायची वाट बघू नका.

जुना गिअरबॉक्स आणून बसवायचा पर्यायही होता. कागदपत्रांची अडचण येत नाही, कारण आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नाही. पण मॉडेल कोड आणि फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारं शेवटचं गिअर-गुणोत्तर) जुळायला हवा, शिवाय तो पुरात बुडालेल्या गाडीचा नसल्याची खात्री कोण देणार? २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडे अशा कितीतरी गाड्या भंगारात गेल्या. बाकीचा गिअरबॉक्स चांगला असल्याने आपलाच उघडून घेणं मला योग्य वाटलं. वय मात्र लक्षात घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि फॉर्म २५ भरून पुढे ५ वर्षांसाठी मिळते. पत्रा सडला असेल आणि गाडी तपासणीत अडणार असेल, तर गिअरबॉक्सवर खर्च करू नये.

उघडताना पूर्ण ओव्हरहॉल किट घेतलं: गॅस्केट, ओ-रिंग, सगळे ऑइल सील, पिस्टन सील. ओव्हरड्राइव्हच्या फ्रिक्शन प्लेट काळ्या ठिक्कर, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. दोन्ही प्रकारच्या नव्या घातल्या. निळी पडलेली स्टील प्लेट वाकलेली असते, ती घासून परत बसवू देऊ नका. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी किमान २ तास एटीएफमध्ये बुडवून ठेवायच्या. मग फीलर गेजने क्लचमधली फट मोजून योग्य जाडीची स्नॅप रिंग निवडायची. प्रत्येक क्लचला कमी दाबाची हवा देऊन पाहायची. पिस्टन एकदाच ठप्प आवाज करून बसला आणि फुसफुस आली नाही तर सील बरोबर. व्हॉल्व्ह बॉडी खोलून धुतली, व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने घसरतात का ते पाहिलं.

टॉर्क कन्व्हर्टरवर पैसे वाचवायची इच्छा सगळ्यांनाच होते. पण जळलेलं अस्तर त्यात साचलेलं असतं आणि वरून धुवून निघत नाही. तो लेथवर कापून, धुवून, लॉकअपचं (कन्व्हर्टरमधल्या क्लचचं) अस्तर बदलून, वेल्ड आणि बॅलन्स करून घ्यावा किंवा नवा घ्यावा. बसवताना तो पंपात पूर्ण आत गेला पाहिजे. बेलहाउसिंगच्या (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाच्या) कडेपासून खोली मोजा. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टने ओढला की इंजिन चालू होण्याआधीच पंप फुटतो.

रेडिएटर नवा घातला, ऑइलचे पाइप फ्लश केले, आणि परतीच्या पाइपवर एक छोटा बाहेरचा कूलर जोडला. प्रवाह तपासायला परतीचा पाइप भांड्यात सोडून इंजिन आयडलवर ठेवा. २० सेकंदांत साधारण १ लिटर यायला हवं. कमी आलं तर कुठेतरी तुंबलंय. भांडं भरलं की लगेच बंद करा, नाहीतर पंप कोरडा पडतो.

ऑइल भरताना आधी ४-५ लिटर, मग इंजिन चालू करून लिव्हर फिरवत थोडं थोडं. शेवटी तापल्यावर 'हॉट' खुणेपर्यंत, वर नाही. जास्त झालं तर फेस येतो आणि प्रेशर पुन्हा पडतं. स्कॅनरने जुनी शिकलेली मूल्यं पुसली. त्यानंतर सुरुवातीला हलक्या पायाने चारही गिअर वर-खाली होतील अशी गाडी सपाटीवर चालवायची, कारण कंप्युटर क्लच भरायचा वेळ नव्याने शिकतो. या काळात बारीक झटके येतात. ते दिवसागणिक कमी व्हायला हवेत. वाढले तर थांबून कोड बघा.

साधारण १,००० किलोमीटरनंतर एकदा ऑइल काढून मॅग्नेट पाहा. नव्या प्लेटांची थोडी मळी दिसते. काळे पापुद्रे किंवा धातूचे कण दिसले तर घाटात नेण्याआधीच गाडी ज्याने उघडली त्याच्याकडे परत न्या, आणि चेंबरमधलं ते ऑइल स्वच्छ बाटलीत सोबत न्या.