रुळांशेजारच्या घरात गाण्यासाठी माइक निवडताना

बंदिश रेकॉर्ड करून पाठवत जा, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा सुरुवात फोननेच केली. पण फोन आवाजाची पातळी आपणहून सांभाळतो. हलका आलाप वर उचलला जातो, जोरकस तान दाबली जाते. गाण्यातला चढउतारच निघून गेला तर गुरुजी दुरुस्ती तरी कशाची सांगणार? म्हणून साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी पेटी, घेतला आणि माइक शोधायला लागले.

यूएसबी माइकचा विचार लवकरच सोडला. पुढेमागे हार्मोनियमसाठी दुसरा माइक लावायचा झाला तर इंटरफेस आणि त्याला माइक जोडणारी एक्सएलआरची तीन पिनांची वायरच सोयीची. खरा प्रश्न होता कंडेन्सर की डायनॅमिक: विजेवर चालणारा, बारीकसारीकही टिपणारा, की स्टेजवर असतो तसा, वीज न लागणारा. जो तो सांगत होता, घरच्या स्टुडिओला कंडेन्सरच हवा. आमचं घर डोंबिवलीत, रुळांना लागून. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तरी लोकलचा घरघराट येतोच. रात्री उशिरा गाड्या थांबतात, पण तेव्हा शेजारी झोपलेले असतात.

आमच्या साथीला तबल्यावर बसणारा मुलगा कार्यक्रमांचं साउंडही करतो. त्याने दोन माइक आणून दिले: शुअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा कंडेन्सर. "ताई, आकडे वाचून काही कळायचं नाही. दोन्हींवर गाऊन बघा," म्हणाला. तरी आकडे मी वाचलेच, आणि ते उपयोगी पडले. तेवढ्याच आवाजाला एटी २०२० साधारण १४ मिलिव्होल्ट देतो, तर एसएम ५८ दोनाच्याही आत. म्हणजे कंडेन्सरला इंटरफेसवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच जाणारी वीज, द्यावा लागतो खरा, पण गेन, म्हणजे इंटरफेसवर आवाज वाढवणं, थोडाच पुरतो. डायनॅमिकला गेन बराच वर न्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेसमध्ये तिथेच बारीक 'स्स' ऐकू यायला लागते.

मग भूपातली एकच बंदिश दोन्हींवर गायले. तानपुरा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधून कानात, म्हणजे तो माइकमध्ये शिरत नाही. ऐकण्याआधी दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी केली. हे आवर्जून करा, कारण जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं आणि निवड तिथेच फसते.

कंडेन्सरवर मंद्रातला षड्ज फार सुंदर आला. स्वर सुटतानाचा श्वास, आकारातली हवा, सगळं त्यात होतं. पण त्याच्यामागे गाडी होती, समोरच्या भिंतीवरून परतलेला माझाच आवाज होता, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टीही होती. एसएम ५८ वर ती हवा कमी झाली. वरच्या कंपनांची त्याची मर्यादाच १५ हजार हर्ट्‌झपर्यंत आहे, कंडेन्सर २० हजारांपर्यंत जातो. पण तान स्वच्छ आली, 'स' आणि 'श' कानाला टोचले नाहीत, आणि गाडी पार मागे गेली.

ती मागे का गेली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. डायनॅमिक माइक काही गाडी ओळखून टाळत नाही. तो ओठांपासून चार बोटांवर ठेवता येतो, त्यामुळे माझा आवाज त्याच्यापर्यंत खूप मोठा पोचतो आणि खोली त्या मानाने लहान होते. कंडेन्सरही तेवढा जवळ घेऊन पाहिला. गाडी कमी झाली, पण 'पांडुरंग' म्हटलं की 'प'चा फटका बसायचा आणि खर्ज घुमायचा. माइक जवळ आला की खालचे स्वर फुगतात. तसे ते एसएम ५८ वरही फुगतात, पण माझ्या पातळ आवाजाला तिथे तो भरणा बरा वाटला.

खोलीचंही थोडं काम केलं. हे दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त घेतात आणि पाठीमागचं सगळ्यांत कमी. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे केली आणि जाड गोधड्या माझ्या पाठीमागे टांगल्या. बरेच जण त्या माइकमागे टांगतात, पण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, त्यामुळे त्याला गाणाऱ्याच्या मागची भिंत जास्त ऐकू येते. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, तेवढ्यानेही टाळी वाजवल्यावर येणारी खणखण बरीच उतरली.

गुरुजींना दोन्ही रेकॉर्डिंग पाठवली, कुठलं कशावरचं ते न सांगता. त्यांनी एसएम ५८ चं निवडलं. "दुसऱ्यात आवाज छान आहे, पण गाणं यात नीट कळतंय. तुझा गंधार कुठे लागतोय ते दिसतं," असं म्हणाले. मला याच कामासाठी माइक हवा होता, म्हणून तोच घेतला. त्याची एक अडचण राहतेच: तानेत मान हलली की पातळी लगेच बदलते. त्यामुळे मी आता स्टँड पक्का करून, माइक नाकाच्या उंचीवर किंचित तिरका लावून गाते, आणि सगळ्यांत जोराची तान आवाज फाटायच्या कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली राहील इतकाच गेन ठेवते.

माझ्या गुरुभगिनीचं घर कोकणात, झाडीत आहे. आवाज तिचा भारी, 'स' मऊ. तिने माझ्याच सांगण्यावरून एटी २०२० घेतला, वीतभर अंतरावरून गाते, आणि तिचे आलाप त्यावर फार गोड येतात.

घेताना एक सांभाळा. एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक, त्यामुळे त्याच्या नकला बाजारात भरपूर. निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून, बिल आणि वॉरंटी घेऊनच घ्या. खरा माइक सुमारे ३०० ग्रॅमचा असतो, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरही तेवढं तपासता येतं.