काचेमागची पणजी

रविवार, रात्री

पितृपक्ष जवळ आला म्हणून आज पणजीची तसबीर भिंतीवरून उतरवली. काच आतून दमटली होती, तेव्हा नुसती पुसून भागण्यासारखे नव्हते, आणि म्हणून माझ्या आठवणीत पहिल्यांदाच चौकट उघडली. नऊवारी, नथ, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला ताठ हात, मागच्या पडद्यावर रंगवलेले विलायती खांब आणि त्यांच्यापुढे तिची अनवाणी पावले, हे सगळे ओळखीचेच होते; पण भिंगाखाली धरल्यावर कागदाचे तंतू दिसले, पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, आणि जिथे पांढरे असायला हवे तिथे पिवळसर छटा दिसली. हा अल्ब्युमेन प्रिंट आहे. अंड्यातील पांढऱ्या भागात मीठ मिसळून त्याचा लेप कागदाला देत, मग तो कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवून वाळवत आणि काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात ठेवून त्यावर चित्र उमटवत. ज्या घरात अंडे उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या घराने देवघराशेजारी इतकी वर्षे अंड्याच्या लेपाला हार घातला, याचे मला हसू आले.

ते हसू फार टिकले नाही. ही पद्धत 1850 साली फ्रान्समध्ये निघाली आणि एकोणिसावे शतक सरता सरता मागे पडली. पणजीचा जन्म, घरातल्या जन्मपत्रिकेप्रमाणे, 1895 चा. फोटोतली बाई तिशीच्या अलीकडची खचित नाही.

म्हणजे ही पणजी नव्हे. बहुधा तिची सासू असावी.

अशा कॅबिनेट कार्डाच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या स्टुडिओतल्या फोटोच्या, पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असे. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला होता, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी पुढे स्वतःचे स्टुडिओ चालवले. त्यामुळे नुसते नाव मिळाले असते तरी साल अंदाजाने बांधता आले असते. पण चौकटीत बसावे म्हणून कुणीतरी पुठ्ठ्याची खालची पट्टी कात्रीने कापली आहे, आणि मागची बाजू खळीने दुसऱ्या पुठ्ठ्याला चिकटवली आहे. फोटो जपायचा म्हणूनच हे केले असणार, याचेच जास्त वाईट वाटते.

आत्याला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अरे, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणून माझी आजी कधी बसलीच नाही म्हणे फोटोला." हे तिने याआधी कधी सांगितले नव्हते, आम्हीही कधी विचारले नव्हते.

काच कोरडी करून, मध्ये जाड कागदाची कड घालून तसबीर पुन्हा टांगली. वहीत पणजीचे नाव खोडले नाही. त्याखाली "सासू?" एवढेच शिसपेन्सिलीने लिहिले, कारण त्या सासूचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.