हे कोणाकडचे?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी जेवण झाल्यावर माळ्याखालच्या कोपऱ्यातला डेबियनचा जुना डबा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर चालणारा कॉम्प्युटर, साफ करायला घेतला. 'डबा' हा आईचा शब्द. त्यात बाबांच्या भजनाच्या कॅसेटी आहेत, दोन वर्षांपूर्वी मी त्या एकेक वाजवून उतरवून घेतल्या. घरातले सगळे फोटोही तिथेच. दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क जोडीने चालतात. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे.

आधी कोणकोणते पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडे आहेत ते बघितलं. २२ वर एसएसएच, दुरून लॉगिन करायचं, ते माझंच. आणि २५ वर एक्झिम.

एक्झिम म्हणजे मेल पोचवणारा सर्व्हर. तो मी कधीच टाकला नव्हता. १२७.०.०.१ वर होता, म्हणजे बाहेरच्यांना दार बंद, आतल्या आत कान देऊन बसलेला. त्रास काहीच नाही. पण लग्नात पंगतीत एखादे काका बसलेले असतात ना, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, आणि दोन्हीकडचे आग्रह करकरून जिलबी वाढतात, तसं झालं. यांना बोलावलं कोणी?

सोपा रस्ता होता तो आधी धरला. ॲप्ट, म्हणजे डेबियनवर प्रोग्रॅम आणणारं नि काढणारं साधन, स्वतःची डायरी ठेवतं, हिस्टरी डॉट लॉग. कोणत्या दिवशी कोणती कमांड दिली, तिच्या मागोमाग काय काय आपोआप आलं, सगळं त्यात असतं. पण ती डायरी दर महिन्याला फिरते आणि बाराच वह्या शिल्लक राहतात. माझं प्रकरण त्याहून जुनं निघालं.

मग डीपीकेजी-एस या कमांडला विचारलं, एक्झिमची ही फाइल कोणाची? एक्झिम-फोर-डेमन-लाइट या पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅमच्या गाठोड्याची. मग ॲप्ट-कॅशे आरडिपेंड्स, म्हणजे या पॅकेजचं नाव कोण घेतं ते. यादी आली लांबलचक, कारण तो सगळं भांडार चाळतो, आपल्याकडे नसलेली पॅकेजंही. 'इन्स्टॉल्ड' जोडून पुन्हा विचारलं तर उरले ते एक्झिमचेच भाऊबंद. हा त्याचं नाव घेतो, तो याचं. शिवाय 'हा मला हवा' आणि 'हा माझ्याशी जमत नाही' ही दोन्ही नाती त्या यादीत एकाच रांगेत बसतात, शेजारी कारण लिहिलेलं नसतं. अर्धा तास त्यात गेला.

शेवटी ॲप्टिट्यूड आठवलं, ॲप्टसारखंच दुसरं साधन. एखादं पॅकेज का आलं ते सांगणारी त्याची 'व्हाय' ही कमांड मला फार आवडते. उत्तर तीन ओळींचं होतं. एमडॲडम डिफॉल्ट-एमटीएची, म्हणजे कोणत्यातरी मेल पोचवणाऱ्याची, शिफारस करतो. एक्झिम-फोर-डेमन-लाइट ते 'पुरवतो'. आणि त्याला एक्झिम-फोर-बेस लागतो.

एमडॲडम! दोन डिस्कची जोडी लावली तेव्हा मीच टाकलेला. ओळीच्या सुरुवातीला त्याच्यापुढे नुसता 'आय' (इन्स्टॉल्ड) होता, बाकीच्यांपुढे 'आय' आणि 'ए'. 'ए' म्हणजे आपोआप आलेले.

आणि आरडिपेंड्समध्ये हा का सापडला नाही तेही कळलं. डिफॉल्ट-एमटीए नावाचं खरं पॅकेज नसतंच. 'सत्यनारायणाला भटजी पाहिजेत' असं म्हणावं तसं ते आहे, कोणते भटजी ते सांगितलेलं नाही. एमडॲडमने फक्त भटजी मागितले, डेबियनने एक्झिमना पाठवलं. ज्याचं नावच घेतलं नाही त्याच्या नावाखाली यजमान कसा सापडणार?

हे असं मधल्या माणसामार्फत जुळलेलं नातं हाताला लागायला फार कठीण. २०२४ च्या मार्चमधली एक्सझेडची, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाची, भानगड आठवते. एसएसएच सर्व्हरला मुळात एक्सझेडच्या लायब्ररीशी काही देणंघेणं नाही. पण डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांनी त्याला एक जोड दिली होती, 'मी सुरू झालो' हे सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवण्यासाठी. त्यातून लिबसिस्टमडी आली, तिच्यामागे एक्सझेडची लिबएलझेडएमए, आणि ५.६.० नि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा पेरून ठेवलेला. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघड केलं. त्याला खटकलं होतं ते एवढंच, की एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय. त्या रात्री मीही या डब्यावर आवृत्ती तपासली होती. स्टेबलवर, म्हणजे डेबियनच्या पक्क्या आवृत्तीवर, ५.४.१ होती, शांत झोपले.

असो. एक्झिम.

शिफारस या शब्दावरून आपल्याकडे जे मनात येतं ते इथे बाजूला ठेवायचं. डेबियनच्या नियमांत 'डिपेंड्स' म्हणजे याशिवाय चालणारच नाही, 'सजेस्ट्स' म्हणजे असलं तर बरं, आणि 'रेकमेंड्स' म्हणजे काही अपवाद सोडले तर ही दोघं जिथे तिथे एकत्रच असायला हवीत. ॲप्ट शिफारशी मुकाट्याने आणतं. ऑफिसातला एक मित्र नवीन मशीन हातात आलं की पहिल्यांदा शिफारशी बंद करतो, 'उगाच गर्दी नको' म्हणून. मीही आज त्याच मूडमध्ये होते. पर्ज, म्हणजे मुळासकट काढणं, करून बघितलं, आधी नुसतं लुटुपुटीचं, सिम्युलेट लावून. एक्झिमची पॅकेजं जाणार, सोबत मेल वाचायचा बीएसडी-मेलएक्स जाणार, एमडॲडम राहणार. कोणाची तक्रार नाही.

एंटरवर बोट होतं तेव्हा मनात आलं, डिस्कचं बघणाऱ्या प्रोग्रॅमला टपाल कशाला लागतं?

या प्रश्नाचं उत्तर खरं तर मला ठाऊक होतं. ते डोक्यात आलं आणि पोटात गोळा आला. गेले काही दिवस लॉगिन केलं की एक ओळ यायची: 'यू हॅव मेल'. देवळाबाहेर पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या माणसाची नजर चुकवावी तशी मी ती चुकवत होते.

मेल उघडलं. २३ पत्रं, सगळी एमडॲडमची, मजकूर एकच. एमडी-झीरो या उपकरणावर 'डिग्रेडेड ॲरे' (डिस्कची जोडी अपुरी) ही घटना आढळली आहे. खाली सही: 'फेथफुली युवर्स, एटसेट्रा'. आपला विश्वासू, इत्यादी! आणि त्याखाली ताजा कलम, त्यात प्रॉक-एमडीस्टॅटचा, म्हणजे डिस्कच्या जोडीच्या हालहवालाचा, उतारा. शाळेतल्या पत्रलेखनात पैकीच्या पैकी. उताऱ्यात कंसात दोनपैकी एक, आणि शेजारी एक 'यू' नि एक आडवी रेघ. 'यू' म्हणजे अप, चालू. रेघ म्हणजे दुसरी डिस्क नाहीच.

तीन आठवडे बाबांची भजनं एका डिस्कवर होती. आणि मी बसल्ये पंगतीतल्या काकांना उठवायला.

आधी एका बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं. दिवेलागण त्यातच झाली. मग मशीन बंद करून झाकण उघडलं. दुसऱ्या डिस्कची साटा केबल नुसती टेकलेली होती. दुसरी केबल लावली, चालू केलं, डिस्कची तब्येत स्मार्टने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीने, ठीक सांगितली. एमडॲडमला री-ॲड म्हटलं. त्याने बिटमॅप ठेवलेला असतो, म्हणजे काय काय बदललं त्याचा हिशेब, त्यामुळे दोन टेराबाइट पुन्हा लिहायची पाळी आली नाही, फक्त या तीन आठवड्यांतलं. सात मिनिटांत दोन्ही 'यू'.

जेवताना म्हटलं, रंगाऱ्यांनी डबा हलवला असणार. आई म्हणाली, "रंगाऱ्यांना कशाला नावं ठेवतेस गं, मीच सरकवला. मागे केवढं जाळं झालं होतं." मी आमटी वाढून घेतली.

झोपायच्या आधी ॲप्ट-मार्क मॅन्युअल दिलं, म्हणजे 'हा मीच मागवलाय' अशी खूण, एक्झिम-फोर-डेमन-लाइटला. आता पुढेमागे एमडॲडम गेला तरी बिनकामाची उरलेली पॅकेजं काढणारं ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही. 'व्हाय'च्या ओळीत त्याच्यापुढचा 'ए' गेलाय.

मंगळवार

सकाळी लॉगिन केलं. मेलची ओळ नाही. बरं वाटायला हवं होतं, पण आता तेही खुपायला लागलं. खरंच काही नाही, की कळवणाराच आडवा झालाय? एमडॲडमला चाचणीचं पत्र पाठवता येतं, मॉनिटरला 'टेस्ट' जोडून. पाठवलं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. 'यू हॅव न्यू मेल'.

उघडून शेवटपर्यंत वाचलं, सहीसकट. आईने विचारलं, कोणाचं पत्र? म्हटलं, डब्याचं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही. सहज लिहिलंय."