फेथ रिंगोल्ड आणि आईची गोधडी

आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मी अजून पांघरते. फेथ रिंगोल्ड या काळ्या अमेरिकी चित्रकर्तीची गोधडीचित्रं, म्हणजे गोधडीवर रंगवलेली चित्रं, पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा नकळत आईच्या गोधडीच्या टाक्यांवर हात गेला.

फेथ १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत जन्मली. सिटी कॉलेजात तिला चित्रकला शिकायची होती, पण मुलींना फक्त कलाशिक्षणाची पदवी खुली. मग शाळेत शिकवत तिने रंगवलं. १९६७ मधलं ‘डाय’ (म्हणजे ‘मर’) हे चित्र बघा: बारा फूट रुंद, गोरे-काळे सगळेच रक्तबंबाळ, मधोमध एकमेकांना बिलगलेली दोन लहान मुलं. मला त्या मुलांवरून नजर काढवत नाही.

ती नुसती रंगवत बसली नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी कला संग्रहालयात बायका आणि काळे कलाकार का नाहीत, हे विचारायला ती रस्त्यावर उतरली. १९७० मध्ये अमेरिकी झेंड्यावरच्या प्रदर्शनासाठी तिला अटकही झाली. न्यूयॉर्कमधल्या रायकर्स बेटावरच्या बायकांच्या तुरुंगासाठी तिने मोठं चित्र केलं. आत काय दिसावं, हे तिने आधी तिथल्या बायकांनाच विचारलं. म्हणून त्यात बस चालवणारी बाई आहे, डॉक्टर आहे, राष्ट्राध्यक्षसुद्धा आहे.

आणि गोधडी? तिची आई विली पोझी कपडे डिझाइन करायची. पहिली गोधडी मायलेकींनी १९८० मध्ये मिळून केली. त्यांच्या घराण्यातली एक पूर्वज गुलामगिरीत गोधड्या शिवत असे.

‘डाय’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विकत घेतलं २०१६ साली. तेव्हा फेथ पंचाऐंशीच्या पुढे होती. इतका उशीर! मला अजून राग येतो.