पुसता न येणारी

७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होतो. १७-अ म्हणजे मतदारांच्या नोंदवहीत सही-अंगठा घ्यायचा आणि डाव्या तर्जनीला शाई लावायची, हे माझं काम. एरवी मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. त्या शाईला इंग्रजीत ‘इंडेलिबल’ म्हणतात. ‘इंडेलिबल इम्प्रेशन म्हणजे मनावरचा कायमचा ठसा’ असं मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेत आलो होतो.

दुपारी ऊन तापलं, रांग विरळ झाली. सत्तरी ओलांडलेली एक आजी समोर आली. डावा हात पदराखाली. “आजी, हात दाखवा” म्हटलं तर हलेना. मग हळूच बाहेर काढला. तर्जनी नव्हती, मधलं बोटही नव्हतं. कडबाकुट्टीत गेलेली.

“बाबा, बोट न्हाई म्हून मत बाद करू नगा. मागल्या येळी लई ताटकळत ठिवलं हुतं.”

मला पोटात कालवलं. नियम अगदी साफ आहे: तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या कोणत्याही बोटाला शाई, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताला, दोन्हीकडे नसतील तर हाताचं जे टोक उरलं असेल त्याला. कुणाचंही मत त्यापायी अडत नाही. मी तिच्या अनामिकेवर, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढली. मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, हिरवं, विटलेलं.

“किती दिस ऱ्हाईल?”

“कातडीवरची थोड्या दिवसांत जाईल. नखावरची नख वाढेल तशी पुढं सरकेल.”

“मंजी गोंदणावानी न्हवं. गोंदण सरणापत्तुर येतंय.” आणि ती मत द्यायला आत गेली.

बरोबर होतं तिचं. शाईतलं सिल्व्हर नायट्रेट कातडीच्या मिठाशी मिळतं आणि उजेडात काळं पडतं. म्हैसूरच्या कारखान्यातली ही शाई १९६२पासून देशभर निवडणुकांत वापरतात. साबणानं जात नाही, पण कातडी झडते, नख वाढतं.

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. लॅटिन ‘देलेरे’ म्हणजे पुसून टाकणं, नष्ट करणं. शत्रूचं शहर कार्थेज नष्ट केलंच पाहिजे असं प्राचीन रोमचा पुढारी केटो सांगत राहिला, त्या वाक्यातलं ‘देलेंडा’ ह्याच धातूचं. मोबाइलवरचं ‘डिलीट’सुद्धा. त्याला नकाराचा ‘इन’ जोडला की इंडेलिबल. म्हणजे ‘कायमचा’ असं शब्द म्हणतच नाही. तो एवढंच सांगतो की कुणाला पुसता येणार नाही. आपसूक विरेल तेव्हा विरेल.

जूनमध्ये शाळा उघडली. फळ्यावर तो शब्द लिहिला, जुन्या टिपणातलं ‘कायमचा’ खोडलं आणि ‘पुसता न येणारा’ लिहिलं. माझ्या नखावरची रेघ तेव्हा अर्ध्यावर आली होती.